मागून येणाऱ्याने हाक द्यावी

पुढे चाललेल्या लिलियनच्या स्कीची मागची टोकं अगदी समोर आल्यावर धर्मराजने उजवा पाय बर्फात पाडलेल्या खोबणीतून उचलला आणि बाजूच्या भुसभुशीत बर्फात रोवला. मग डावा. बर्फ पोटरीपर्यंत आला. झाडांखालचा तो बर्फ कुणी तुडवलेला नव्हता, पिठासारखा होता. त्यात स्की सरकत नाहीत, बुडतात. काठ्यांवर भार देत, धापा टाकत तो तिच्या शेजारून पुढे निघाला. तो नेहमी असाच जात असे. माणूस मागे पडला की पुन्हा खोबणीत उतरायचं, एवढाच काय तो त्रास.

लिलियनला मात्र तो आलेला कळलाच नव्हता. तिने लोकरी टोपी कानांखाली ओढून घेतली होती आणि ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. डोळ्याच्या कडेला एकाएकी माणूस दिसला तशी ती दचकली. तिचं अंग विरुद्ध बाजूला कललं, एक स्की दुसरीवर चढली आणि ती हात टेकत आडवी झाली. "ओह," एवढंच म्हणाली, वाचनालयात कुणाच्या हातून पुस्तक खाली पडल्यावर म्हणावं तसं. मिनेसोटातल्या या ईडन प्रेरी गावात तिने जन्मभर ग्रंथपालाचीच नोकरी केली होती. आता सत्तरी गाठली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

धर्मराज काठ्या टाकून तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. तिने डावं मनगट छातीशी धरलं होतं. चेहरा पांढरा पडला होता, तरी ती त्यालाच धीर देत होती.  माझी चूक, माझी चूक, असं तो इंग्रजीत म्हणत राहिला.

थोड्या वेळाने मागून आर्ने आला. त्यांच्या स्की क्लबात सगळ्यांत वयस्कर तो. अठ्ठ्याहत्तरचा, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. त्याने गळ्यातला मफलर काढून लिलियनचा हात झोळीत बांधला. मग उभा राहिला आणि धर्मराज जिथे खोबणीतून बाहेर पडला होता त्या जागेकडे पाहिलं. बर्फात पायांचे खड्डे स्पष्ट दिसत होते.  आर्नेने लिलियनच्या स्की खांद्यावर टाकल्या आणि तिघं पायीच परत निघाले.

लिलियनला हॉस्पिटलमध्ये मीराने नेलं. धर्मराजची बायको मीरा त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होती, त्यामुळे कुठल्या दारातून शिरायचं, कुणाला गाठायचं हे तिला माहीत होतं. लिलियन तिच्या शेजारी पुढे बसली. मागच्या सीटवर धर्मराज लिलियनच्या स्की गुडघ्यांत धरून बसला होता. त्या लांब असल्यामुळे टोकं पुढच्या काचेपर्यंत गेली होती आणि मीराला गिअर बदलताना आडवी येत होती. वाटेत त्या दोघी हवेबद्दल बोलल्या. मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून लिलियन बाहेर आली तेव्हा तिने धर्मराजला पाहिलं आणि म्हणाली, "धर्मा, अजून घरी गेला नाहीस? काही खाल्लंस का?"

त्याने नुसती मान हलवली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

धर्मराज रामटेके हा भंडारा जिल्ह्यातला. नागपूरला इंजिनिअरिंग करून, काही वर्षं नोकरी करून तो साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आला आणि निवृत्त होईपर्यंत राज्याच्या हायवे खात्यात रस्ते आखत राहिला. सुरुवातीची पुष्कळ वर्षं त्याने आणि मीराने बर्फ फक्त उपसला होता. हिवाळा म्हणजे खिडकीच्या काचेआडून पाहायची आणि संपायची वाट बघायची गोष्ट. मग लॅबमधल्या एका बाईने आपल्या जुन्या लाकडी स्की मीराला दिल्या, आणि मीरा त्याला बळेच या क्लबात घेऊन आली.

क्लब म्हणजे फार काही नव्हतं. पार्कच्या कडेला एक लाकडी खोली, तीत लोखंडी शेगडी, भिंतीवर खुंट्या, आणि दर शनिवारी सकाळी जमणारे पंचवीसेक म्हातारे-म्हाताऱ्या. बहुतेकांचे आजे-पणजे नॉर्वे-स्वीडनमधून आलेले. पहिल्या हिवाळ्यात धर्मराज जितका सरकला त्याहून जास्त पडला. कुणी हसलं नाही. प्रत्येक जण थांबून हात देऊन गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एके सकाळी उन्हात, ओक वृक्षांमधून जाताना, खाली फक्त स्कीचा सरसर आवाज येत असताना त्याला एकदम वाटलं की आपण या देशात आलो ते आज. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून ऑक्टोबर उजाडला की तो आकाशाकडे बघायला लागे. मीरा हसायची. म्हणायची, आपल्याकडे लोक पावसासाठी बघतात, तुम्ही बर्फासाठी बघा.

बर्फात यंत्राने दोन समांतर खोबण्या पाडलेल्या असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. त्यात स्की घालून एकामागून एक जायचं. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्याने "ट्रॅक!" अशी हाक द्यायची, म्हणजे पुढचा बाजूला होतो आणि मागचा निघून जातो. साधा नियम. क्लबात सगळे दिवसभर एकमेकांना हाका देत असत. कधी गंभीरपणे, कधी मुद्दाम मोठ्याने, चिडवायला. धर्मराजने मात्र इतक्या वर्षांत एकदाही हाक दिली नव्हती. तो स्वतःच बाहेर पडायचा आणि मऊ बर्फातून वळसा घालायचा. त्यात दम लागायचा, शर्यतीत वेळ जायचा. क्लबातल्यांना तो हिंदुस्थानी माणसाचा विनय वाटायचा. एकदा तर हंगाम संपतानाच्या जेवणात कुणीतरी त्याच्या सभ्यपणाचं कौतुकही केलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढच्या शनिवारी धर्मराज क्लबात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घशाला त्रास आहे असं त्याने मीराबरोबर सांगून पाठवलं. घरासमोरचा बर्फ साफ झालेला असताना तो पुन्हा साफ केला. शिकागोहून मुलीचा, नंदाचा फोन आला तेव्हा मीराने तिच्या कानावर सगळं घातलं. "बाबा, इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट," नंदा म्हणाली. धर्मराज हो म्हणाला आणि रिसीव्हर मीराच्या हातात दिला.

लिलियनला तो रोज फोन करत होता. तिच्या घरासमोरचा बर्फही काढून येत होता. ती त्याला आत बोलावून कॉफी द्यायची, उजव्या हाताने. क्लबाचा विषय निघाला की तो घड्याळाकडे बघायचा.

एके शनिवारी दुपारी मीरा क्लबातून आली ती बूट काढता काढताच बोलायला लागली. आज ट्रेलवर हरिणं दिसली, आर्नेने सूप जाळलं, सगळ्यांनी तुम्हाला विचारलं. मग ती सोफ्यावर बसली.

"या वर्षी जाणारच नाही का तुम्ही?"

"स्की विकून टाकाव्यात म्हणतो," धर्मराज म्हणाला. "वय झालं. एखादा माणूस मोडून ठेवायचा आपल्या हौसेपायी."

"वयामुळे नाही पडली लिलियन."

त्याने समोरचं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं.

"तुम्ही हाक का देत नाही ते मला माहीत आहे," मीरा म्हणाली. "इतकी वर्षं मी काही बोलले नाही. पण लिलियनला ते कुठून माहीत असणार? मागून कुणी येतंय एवढं तिला कळायला हवं होतं, बस."

ती उठून चहा टाकायला गेली. धर्मराज खिडकीशी उभा राहिला.

त्याच्या गावाला एक पांदण होती, दोन्हीकडे काटेरी कुंपणं असलेली, जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी. शाळेत जाताना वडील त्याला त्या पांदणीच्या पलीकडच्या तोंडापर्यंत सोडायला यायचे. वरच्या आळीतली गाडी किंवा घोडा समोरून आला, किंवा मागून आला, की वडील आधी वहाणा हातात घेत, मग खाली काट्यात उतरत आणि त्यालाही दंडाला धरून उतरवत. कुणाला काही बोलावं लागत नसे. गाडी जाईपर्यंत वडील खाली बघत उभे असायचे. पावसाळ्यात तिथे घोट्याच्या वर चिखल असे. गाडी गेल्यावर ते त्याचे पाय स्वतःच्या धोतराने पुसून काढत आणि मगच त्याला शाळेकडे पाठवत. पुढे, छप्पन्न साली, दीक्षेसाठी गावातली सगळी माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला निघाली तेव्हा वडील त्याच पांदणीतून मधोमध चालले. मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी. धर्मराज तेव्हा मोठा झाला होता, नोकरीला लागला होता, वडिलांच्या मागे चालत होता. वडिलांच्या पाठीकडे बघत त्याने मनाशी ठरवलं होतं की आता आपण कुणासाठी रस्ता सोडायचा नाही. ते त्याने पाळलंही. नोकरीत पाळलं, परदेशात पाळलं. पण त्याच वेळी, न ठरवता, आणखी एक गोष्ट त्याच्या अंगात बसली होती: आपल्यासाठी कुणाला रस्त्यावरून खाली उतरायला सांगायचं नाही. ते तोंडून निघतच नसे.

फेब्रुवारीच्या मधल्या एका बुधवारी आर्ने घरी आला. त्याने दारातूनच सांगितलं की महिनाअखेरीच्या शर्यतीसाठी ट्रॅक पाडायचा आहे, यंत्र एक जण चालवेल, पण मागून खोबणी तपासत जायला कुणीतरी हवं, आणि त्याला एकट्याला ते जमणार नाही. घशाची चौकशी त्याने केली नाही. धर्मराजला नाही म्हणता आलं नाही.

सकाळभर ते दोघं ट्रेलवर होते. जिथे खोबणीची कड ढासळली होती तिथे फावड्याने थापून सारखी करायची, पडलेल्या फांद्या उचलायच्या. इतक्या दिवसांनी स्की पायात आल्यावर धर्मराजचं अंग त्याला न विचारता चालू लागलं. थंडी कडक होती, आकाश स्वच्छ. कुठेतरी सुतारपक्षी खोडावर ठकठक करत होता. आपण हे सोडून देणार होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने फावडं उगाचच जोरात आपटलं.

परतीच्या वाटेवर आर्ने पुढे होता. तो सावकाश चालला होता, नेहमीपेक्षाही सावकाश, आणि धर्मराजच्या लक्षात आलं की तो मुद्दाम करतोय. ओळखून धर्मराजही मागे रेंगाळला. शेवटी आर्ने थांबला आणि काठ्यांवर रेलून मागे वळला.

"हाक दे," तो म्हणाला.

धर्मराजने तोंड उघडलं. थंड हवा आत गेली, पण आवाज आला नाही. त्याने मान हलवली.

आर्ने वाट बघत राहिला. त्याच्या भुवयांवर दहिवर गोठलं होतं. मग धर्मराजने सांगितलं, थोडक्यात, फारसं न समजावता. "माझ्या वडिलांना रोज रस्ता सोडून खाली उभं राहावं लागायचं. दुसऱ्यांसाठी. ते खालच्या जातीचे, म्हणून. मला लहानपणी ते दिसायचं. कुणाला बाजूला हो म्हणायला मला जमत नाही."

 हिंदुस्थानातल्या जातींबद्दल आर्नेला फारसं माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याने हातमोजा काढून नाक पुसलं, पुन्हा घातला.

"त्यांच्यासाठी कुणी बाजूला व्हायचं का?" त्याने विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"हं," आर्ने म्हणाला. मग तो बोलला, स्वतःशी बोलावं तसा. तो साठीत होता तेव्हा या ट्रेलवर त्याला कुणी गाठू शकत नसे. सगळ्यांना हाका देत सुटायचा. मग एकेक जण त्याला गाठायला लागला. पहिल्यांदा फार राग आला होता. आता तर लिलियनही त्याला हाक देऊन पुढे जाते. "आता मला हाक ऐकली की बरं वाटतं," तो म्हणाला. "या थंडीत इथे एखादा म्हातारा पडला तर काय होईल? हाक आली म्हणजे मागे कुणीतरी आहे. मी बाजूला होतो आणि तो कोण आहे ते बघतो."

एवढं बोलून तो वळला आणि चालू लागला. धर्मराजने त्या दिवशीही हाक दिली नाही. पण खोलीत परतल्यावर शेगडीपाशी स्की पुसताना त्याने आर्नेला विचारलं की शर्यतीसाठी नाव अजून देता येईल का.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बर्फ पडला. झाडांखाली ढोपरभर थर साचला. ट्रॅक पहाटे पुन्हा पाडला गेला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ बर्फाच्या भिंतीच उभ्या होत्या. खोबणीतून बाहेर पडून वळसा घालणं आज कुणालाच जमणार नव्हतं. धर्मराजने ते सुरुवातीच्या रेषेवरूनच पाहिलं.

क्लबाच्या या शर्यतीत सगळ्यांत वयस्कर मंडळी आधी सुटतात आणि तरुण, म्हणजे साठीच्या आसपासची, शेवटी. त्यामुळे म्हाताऱ्यांनाही जिंकायची संधी मिळते आणि सगळे साधारण एका वेळेला पोचतात. आर्ने पहिल्या गटात गेला. त्याच्या पाठोपाठच्या गटात लिलियन होती. प्लास्टर निघालं होतं, मनगटाला पट्टा होता, आणि ती उजव्या हातातल्या एकाच काठीवर जाणार होती. डॉक्टरांनी तिला चालायची परवानगी दिली होती. "मी चालणारच आहे," ती मीराला म्हणाली होती, "फक्त पायात स्की असतील." मीराने तिला पट्टा पुन्हा घट्ट बांधून दिला. मीरा स्वतः वयाने सगळ्यांत लहान, म्हणून शेवटच्या गटात. वेगानेही सगळ्यांत कमी, म्हणून शेवटी पोचणार हे ठरलेलंच. तिला त्याचं काही वाटत नसे. ती खिशात खारे शेंगदाणे घेऊन निघायची आणि वाटेत थांबून खायची.

सुटल्यावर धर्मराज लवकरच एकटा झाला. ट्रॅक वेगवान होता. स्कीच्या तळाला लावलेलं मेण बरोबर बसलं होतं, त्या मागे घसरत नव्हत्या. ओकच्या झाडांतून तो एका लयीत जात राहिला आणि काही वेळ त्याच्या मनात काहीच नव्हतं, फक्त श्वास आणि काठ्यांची टोकं. मग एका वळणानंतर त्याला लिलियनची निळी टोपी दिसली.

ती एका काठीने, थोडी तिरपी होत, नेटाने चालली होती. त्याने वेग कमी केला. काही अंतर तो नुसताच तिच्या मागून जात राहिला. आज तिच्या मागेच राहिलं तर काय बिघडणार आहे, असं त्याने स्वतःला विचारलं. काहीच नाही. पण मागे राहून उपयोग नव्हता. ती मध्येच थांबली किंवा अडखळली तर तो तिच्यावरच आदळला असता, आणि तिला आपल्या मागे कुणी आहे हे याही वेळी माहीत नव्हतं. ती तशीच गुणगुणत होती.

"ट्रॅक," तो म्हणाला.

ते इतकं हळू निघालं की त्यालाच जेमतेम ऐकू आलं. टोपी हलली नाही. त्याचे कान तापले. त्याला वडिलांची पाठ दिसली नाही, पांदण दिसली नाही. समोर फक्त एक म्हातारी बाई होती आणि तिचा एक हात दुखरा होता. त्याने श्वास भरून घेतला.

"ट्रॅक, लिलियन!"

आवाज झाडांत घुमला. लिलियन या वेळी दचकली नाही. तिने मान किंचित वळवली, मग आधी एक पाय, मग दुसरा, असा शांतपणे खोबणीतून बाहेर काढला. बर्फात ती ढोपरापर्यंत बुडाली आणि काठीचा आधार घेऊन उभी राहिली. तो तिच्या शेजारून जायला लागला. त्याला तिच्याकडे बघायचं नव्हतं, तरी त्याने बघितलं. ती खाली बघत नव्हती. थेट त्याच्या तोंडाकडे बघत होती, गाल थंडीने लाल, आणि हसत होती.

"थँक यू, धर्मा," ती म्हणाली.

 तो पुढे गेला. थोड्या अंतराने त्याने मागे वळून पाहिलं. ती खोबणीत परत उतरत होती. दोन्ही स्की नीट बसल्या, ती चालायला लागली, तेव्हाच तो वळला. हातमोज्याच्या पाठीने त्याने डोळे पुसले. थंडीत सगळ्यांनाच पाणी येतं.

पुढे त्याने आणखी बऱ्याच जणांना गाठलं. प्रत्येक वेळी हाक देण्याआधी तो श्वास भरून घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी हाक बाहेर पडायची. कुणी बाजूला होताना "जा, जा" म्हणालं, कुणी काठी उंचावली, एका गृहस्थाने त्याचा आवाज ओळखून चकित होऊन मागे पाहिलं. झाडी संपत आली तिथे आर्ने भेटला. धर्मराजने हाक देताच तो ट्रॅफिक पोलिसासारखा हात करून बाजूला झाला, आणि धर्मराज पुढे जाऊ लागला तसा इतकंच म्हणाला, "आवाज चांगला आहे तुझा."

झाडीपुढच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला शर्यत संपली. तिथे लोकांनी गाईच्या गळ्यातल्या घंटा आणल्या होत्या; जो येईल त्याच्यासाठी वाजवत होते. धर्मराजला कुणीतरी सूपचा कप दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला. कितवा आलो हे विचारायचं त्याला सुचलं नाही. काही वेळाने आर्ने आला, मग बाकीचे, मग लिलियन आली, तेव्हा घंटा सगळ्यांत जोरात वाजल्या. तिने काठी टाकून दिली आणि जो समोर होता त्याला मिठी मारली. तो निकालाचा फळा लिहिणारा गृहस्थ होता. त्याचा खडू मोडला. मीराचा अजून पत्ता नव्हता.

"मी तिला घेऊन येतो," धर्मराज म्हणाला आणि कप ठेवून उलट निघाला.

काठ आणि झाडी यांच्यामध्ये ते तळं होतं. गोठलेलं, पांढरं, उन्हात डोळे दिपतील असं. तिथे जागा मोकळी असल्यामुळे ट्रॅक एक नव्हता, शेजारी शेजारी दोन पाडलेले होते. तो अर्ध्यावर पोचला तेव्हा समोरच्या काठावर मीरा झाडीतून बाहेर पडली. तिने त्याला ओळखलं आणि काठी हलवली. तो थांबला, स्की फिरवून घेतल्या आणि ती जवळ येईपर्यंत दुसऱ्या ट्रॅकमध्ये उभा राहिला. ती आली, दम लागलेला, टोपी मागे सरकलेली, आणि तिने न बोलता शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली. त्याने मूठभर घेतले.

मग ते निघाले, ती एका ट्रॅकमध्ये, तो दुसऱ्यात. तो तिच्या वेगाने चालला होता. 

"लिलियनला मी बाजूला व्हायला सांगितलं," तो म्हणाला.

"हो?"

"हो. झाली ती. बर्फात उभी राहिली ढोपरभर." त्याने काठ्या जोराने मागे रेटल्या. "आणि मलाच थँक यू म्हणाली."

मीराने त्याच्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं. काठावरची माणसं आता ओळखू येत होती. कुणीतरी त्यांना पाहून घंटा हलवायला सुरुवात केली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काही नाही. पुढे गेलो."

 दोघांच्या स्की एकाच लयीत सरसरत राहिल्या. काठ जवळ आला तसा धर्मराज किंचित तिच्या बाजूला झुकला आणि म्हणाला की संध्याकाळी लिलियनला जेवायला बोलवूया, आर्नेलाही. त्याला त्या दोघांना वडिलांबद्दल सांगायचं होतं. पांदणीबद्दल नव्हे, तेवढं आर्नेला सांगून झालं होतं. शाळेत जाताना ते त्याचे पाय कसे पुसायचे, ते.